वीज, खांब आणि माझी स्वतंत्र अर्थिंग

३ मे, रविवार

रेडिओच्या नोंदवहीत वेळ, तारीख, पलीकडच्या स्टेशनचं सांकेतिक नाव आणि आवाज कसा आला, एवढंच लिहायचं असतं. संतापाला तिथे रकाना नाही. म्हणून आजपासून ही वेगळी वही.

काल दुपारी शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर वीज पडली. टाकीचं झाकण उडालं, माणसांना काही झालं नाही. आता शेजारच्या टाकीशी माझा काय संबंध? पण सकाळी आमच्या इमारतीचे अध्यक्ष वर आले. खाली त्यांचं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट ते दिवसातून तीन वेळा सांगतात. म्हणाले, "काका, तुमचा गच्चीवरचा खांब विजेला आवतण देतोय असं सगळ्यांचं म्हणणं आहे." सगळ्यांचं म्हणजे यांचं.

मी शांतपणे सांगितलं की मी एकोणीस वर्षं परवानाधारक हौशी रेडिओचालक आहे. त्या खांबावरून ताणलेल्या तारेच्या जोरावर बेचाळीस देशांतल्या माणसांशी बोललो आहे. त्याआधी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात लोकांचे तराजू तपासले. अंदाजपंचे काम माझ्याकडे नाही.

"देश बेचाळीस असू देत काका, इथे बिऱ्हाडं सोळा आहेत," ते म्हणाले. ३१ तारखेला सभा ठेवली आहे. तोवर खांबामुळे कोणाच्या केसाला जरी धक्का लागला तर खांब खाली. नाही लागला तर मतदान. मी मान्य केलं.

खांब गेला तर माझं बोलणं गेलं. हे इथेच लिहितो, बाहेर कबूल करणार नाही. घरात माझं कोण ऐकतं? मुलगी दूरच्या गावी, फोन केला की दुसऱ्या वाक्याला म्हणते, "बाबा, आईला द्या." ही ऐकते, पण भांडी घासताना.

अध्यक्ष गेल्यावर हिने विचारलं, "मग काय करणार?"

"विज्ञान उत्तर देईल," मी म्हणालो.

ही म्हणाली, "बरं," आणि नळ सोडला.

५ मे, मंगळवार

विज्ञानाला सुरुवात. अडीच मीटरची तांब्याची सळई फाटकाजवळच्या फुलझाडांच्या वाफ्यात ठोकून घेतली. खांबापासून सळईपर्यंत चार मजले तांब्याची जाड पट्टी, कुठेही वळसा नाही. विजेला वळणं आवडत नाहीत, तिला सरळ वाट लागते. केबल जिथून खिडकीतून आत येते, तिथे वीजरोधकाची डबी बसवली. म्हणजे वीज आली तर डबी तिला पट्टीकडे वळवणार, पट्टी सळईकडे, सळई जमिनीत. संपलं.

सळई ठोकायला वायरमनला बोलावलं होतं. ठोकून झाल्यावर घाम पुसत म्हणाला, "काका, ही अर्थिंग मीटरजवळच्या घरच्या अर्थिंगला जोडून टाकू."

मी हसलो. घरची अर्थिंग म्हणजे सोळा बिऱ्हाडांच्या फ्रिज-मिक्सरचा केरकचरा. तो मी माझ्या रेडिओत घेऊ? माझी अर्थिंग स्वच्छ आणि स्वतंत्र राहील, असं त्याला सांगितलं.

"स्वतंत्र राहूनच घोटाळा होतो," तो म्हणाला. "वीज पडली की एका अर्थिंगवर दाब एवढा, दुसरीवर तेवढा. मधे तुमचं मशीन. जीव त्याचाच जातो."

त्याचं शिक्षण विचारलं. आठवी. मी काही बोललो नाही. माणसाला एकदम तोंडावर पाडू नये.

६ मे, बुधवार

संध्याकाळी सहाला नेहमीप्रमाणे पशुवैद्यांशी रेडिओवर भेट. सहाशे किलोमीटरवर असतात, मागून कधी कधी म्हैस ऐकू येते. त्यांना माझी सगळी योजना समजावून सांगितली, पंचवीस मिनिटं. शेवटी म्हणाले, "छान आहे. पण मी काय करतो सांगू? आभाळ भरून आलं की गडगडायच्या आधीच मागची केबल काढतो, विजेचा प्लग काढतो, आणि गोठ्यात जातो. बाकी सगळं गौण."

केबल काढतो म्हणे. मग तंत्रज्ञान कशाला शिकायचं? शेवटी गुरांचे डॉक्टर.

चहा घेऊन ही दारात उभी होती. तिने विचारलं, "कुठली केबल म्हणाले ते?" मी मागची जाडी काळी केबल दाखवली. कशी फिरवून निघते तेही दाखवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने रेडिओबद्दल प्रश्न विचारला. माझ्या सहवासाचा परिणाम व्हायला वेळ लागतो, पण होतो.

९ मे, शनिवार

पहिली परीक्षा. दुपारी साडेतीनला काळोखून आलं. वादळात चालकाने यंत्रापासून दूर राहावं असा नियम आहे. मी नियमाचा माणूस. खुर्ची, वही आणि घड्याळ घेऊन खालच्या मजल्याच्या जिन्यात जाऊन बसलो. वीज चमकली की सेकंद मोजायचे, गडगडाट होईपर्यंत. तिनाने भागलं की किलोमीटर. ही वरच थांबली. तिची कामं होती, आणि नियमात चालकाच्या बायकोबद्दल काही लिहिलेलं नाही.

सर्वांत जवळची वीज नऊ सेकंदांवर, म्हणजे तीन किलोमीटर. पाऊण तासाने वर गेलो. रेडिओ सुखरूप. माझ्या रचनेचा विजय.

एकच विचित्र गोष्ट. मागची केबल निघून खिडकीबाहेर लोंबकळत होती, आणि भिंतीतला प्लगही सुटलेला. प्लग हिने केर काढताना ओढला असणार. केबलचं मात्र कोडं आहे.

१२ मे, मंगळवार

पुन्हा वादळ, सहा सेकंदांपर्यंत. पुन्हा रेडिओ सुखरूप. पुन्हा केबल बाहेर.

आता मी विचार केला. गडगडाटाने खिडकीची तावदानं थरथरतात, तर केबलचं फिरकीचं तोंड का सैल होणार नाही? सूक्ष्म कंपनांमुळे आटे हळूहळू उलटे फिरतात. सिद्ध करण्यासाठी टेबलावर अर्धा तास मुठी आपटल्या. केबल निघाली नाही, पण माझ्या मुठी ढगाएवढ्या नाहीत.

हिला हा सिद्धान्त सांगितला. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "अहो, ती केबल मी..." तेवढ्यात पशुवैद्य रेडिओवर आले म्हणून मी हेडफोन घातला. नंतर विचारायचं राहून गेलं.

१४ मे, गुरुवार

अध्यक्षांनी पत्र पाठवलं. दुकानातल्या पावतीच्या मागे लिहून. कुणी तज्ज्ञ येऊन पाहणी करेपर्यंत रेडिओ बंद ठेवावा. तज्ज्ञ कोण, कधी येणार, काही नाही. ही शुद्ध दडपशाही आहे. पण ३१ तारखेला मतं हवीत, म्हणून गप्प बसलो.

वेळेचा सदुपयोग करीन. घरात लक्ष घालायचं कित्येक वर्षं राहूनच गेलं आहे.

१८ मे, सोमवार

लक्ष घातलं. स्वयंपाकघरात वजनमापाच्या दृष्टीने पूर्ण अराजक होतं. ही मीठ चिमटीने घालते. चिमूट म्हणजे किती? तिच्या सात चिमटी मोजून पाहिल्या, दोन सारख्या निघतील तर शपथ. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. पळ्या उंचीप्रमाणे टांगल्या. कणीक मळताना तिला रेडिओलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत कशा येतात ते सांगितलं. बेचाळीसपैकी सव्वीस देशांच्या हकिगती झाल्या.

तिसऱ्या दिवसापासून तिचं डोकं दुखतंय. हवामानाचा परिणाम असावा. काल भाजी आणायला गेली ती तीन तासांनी परत आली, हातात एकच लिंबू. मी म्हटलं, पुढच्या वेळी यादी मी करून देत जाईन.

२२ मे, शुक्रवार

आश्चर्य. ही सकाळी स्वतः खाली दुकानात गेली आणि अध्यक्षांकडून रेडिओ चालू करायची लेखी परवानगी घेऊन आली. कसं जमवलं विचारलं तर म्हणाली, "विनवण्या केल्या."

माझ्या छंदासाठी एवढं करेल असं वाटलं नव्हतं. वर हेडफोन पुसून, खुर्ची ओढून ठेवून म्हणाली, "बसा. शांतपणे बसा. जेवायला हाक मारीन." मला भरून आलं. अकरा देशांच्या हकिगती राहिल्यात, पण त्या सवडीने सांगता येतील.

२४ मे, रविवार

केबलचं कोडं सोडवलं. जुनं फिरकीचं तोंड कापून टाकलं आणि नवं, कुलूपवालं बसवलं. पान्याने आवळलं, वर आट्यांना चिकटवणारा द्रव ओतला, त्यावर रबरी पट्टी सहा वेढे. आता ढग फुटला तरी ती केबल निघायची नाही.

ही मागे उभी राहून सगळं पाहत होती. "मग काढायची झाली तर?"

"काढायची नाहीच. तोच तर मुद्दा आहे."

"पण काढायचीच झाली तर?"

"तर कापावी लागेल," मी म्हणालो आणि हसलो.

ती हसली नाही. पक्कड कुठे असते ते तिने विचारलं. मी कौतुकाने दाखवली, धार कुठल्या बाजूला असते तेही सांगितलं. अशी जिज्ञासा उतारवयात फार कमी लोकांना होते.

२८ मे, गुरुवार

नीट क्रमाने लिहितो.

तीनला आभाळ भरलं. आज मी अध्यक्षांनाच जिन्यात बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून. त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची ठेवली. सव्वातीनला पहिली वीज, चौदा सेकंद. मग एकदम नऊ. मग पाच. मी मोठ्याने मोजत होतो आणि अध्यक्षांना पट्टी सरळ का असावी ते सांगत होतो. अध्यक्षांनी विचारलं, "काकू कुठायत?" मी म्हटलं, "आहे वर," आणि पुढे मोजायला लागलो.

मग आकडा उच्चारायला वेळच मिळाला नाही. उजेड आणि आवाज एकत्र आले. जिन्यातले दिवे गेले, कुठे तरी काच फुटली, हवेला जळका वास आला. अध्यक्षांनी माझा दंड धरला होता. मला पहिल्यांदा जे वाटलं ते लिहितो, कारण इथे तरी खोटं लिहायचं नाही. मला वाटलं, रेडिओ.

धावत वर गेलो. वीजरोधकाची डबी फुटून खिडकीखाली पडली होती, भिंतीवर काळा फराटा. रेडिओ धडधाकट. पण केबल कापलेली. माझी नवी केबल, वेडीवाकडी कुरतडून कापलेली, आणि खिडकीशी पडलेला तुकडा वितळलेला. मी ओरडलो, "कोणी कापली ही?"

ही कपाटाला टेकून जमिनीवर बसली होती. पक्कड दूर दाराशी जाऊन पडली होती. उजवा हात डाव्या हातात धरून ती त्याच्याकडे पाहत होती, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. म्हणाली, "टाकलीच होती बाहेर. सोडलीच होती हातातून." मग म्हणाली, "ऐकू नाही येत मला नीट."

यानंतर आज मला लिहिता येत नाही.

२९ मे, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले, तीन बोटांना संवेदना नाही, येईल परत, महिना-दोन महिने. कान आठवड्यात बरा होईल. रोज दहा मिनिटं बोटं चोळायची. नशीब म्हणा, असं म्हणाले. मी नशीब म्हणालो नाही.

दुपारी वायरमनला बोलावलं. तो कापलेल्या केबलशी उकिडवा बसून खूप वेळ पाहत राहिला. म्हणाला, "कापून, टोक बाहेर फेकलं आणि मग वीज पडलीये. तिकडून उडालेली ठिणगी हाताला चाटून गेली. फेकायला एक श्वास उशीर झाला असता काका, तर मी आज इथे वायरिंगसाठी आलो नसतो." मग म्हणाला, "गडगडायला लागल्यावर त्या केबलला कोणी हात लावायचा नसतो. आधीच काढायची असते. काकूंना कोणी सांगितलं नाही?"

मी सांगितलं नव्हतं. मी तिला पक्कड दाखवली होती.

९ तारखेलाही तिने काढली होती. १२ तारखेलाही. मी जिन्यात बसून सेकंद मोजत होतो आणि माझी खरी अर्थिंग, म्हणजे ही, वर स्वयंपाक सोडून केबल काढत होती. तिसऱ्यांदा निघू नये म्हणून मी तिला आटे चिकटवून दिले. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे तराजू तपासले.

संध्याकाळी तिला विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगायला लागले होते," ती म्हणाली. "तुम्ही हेडफोन घातला."

३० मे, शनिवार

उद्याच्या सभेसाठी भाषण तयार आहे. अकरा पानं. १५ तारखेपासून लिहीत होतो. अध्यक्ष सकाळी येऊन गेले. ते फार खूश आहेत. सरळ खांबावर वीज पडूनही यंत्राला काही झालं नाही, ही गोष्ट त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली आहे, बहुधा तीन वेळा. म्हणाले, "काका, उद्या बोला तुम्ही. खांब तर राहीलच, सगळ्या इमारतीला तुमचीच पद्धत बसवू." काकूंच्या हाताला काय झालं विचारलं. ही म्हणाली, "वाफ लागली."

म्हणजे मला फक्त गप्प बसायचं आहे. अकरा पानं वाचायची, टाळ्या घ्यायच्या. खांब राहील, सहाची वेळ राहील, पशुवैद्य राहतील. खरं सांगितलं तर खांब खाली. केसाला धक्का लागला तर उतरवायचा, हे मीच मान्य केलं होतं, आणि इथे तीन बोटांची संवेदना गेली आहे.

झोप लागेल असं वाटत नाही. मला खांब हवा आहे. हे लिहायलाही लाज वाटते, पण हवा आहे.

३१ मे, रविवार

सभा तळमजल्यावर, वाहनं लावायच्या जागेत. सोळाच्या सोळा बिऱ्हाडं हजर. फुकट करमणुकीला आमची इमारत कधी मागे राहत नाही. ही शेवटच्या रांगेत बसली.

मी पहिलं पान काढलं. पहिलं वाक्य होतं, 'वीज ही निसर्गाची शक्ती असून तिला शिस्त लावणे मानवाच्या हाती आहे.' ते वाचलं. वर पाहिलं तर ही डाव्या हाताने उजवी बोटं एकेक करून दाबत होती, आहेत का बघितल्यासारखी. पान खाली ठेवलं.

सांगून टाकलं. रचना माझी होती, ती चुकीची होती. दोन्ही अर्थिंग जोडायला वायरमनने सांगितलं होतं, मी त्याचं शिक्षण विचारलं. रेडिओ वाचला तो केबल तोडली म्हणून. ती हिने तोडली, वीज डोक्यावर असताना, कारण ती सहज निघू नये अशी सोय मी करून ठेवली होती. वाफ वगैरे काही नाही. खांब उद्या उतरवतो.

अध्यक्षांचा चेहरा उतरला, त्यांना आता दुकानात सगळ्यांना परत सांगावं लागणार होतं. शेवटी म्हणाले, "ठरल्याप्रमाणे खांब खाली मग."

"खांब राहू द्या," मागून ही म्हणाली.

"काकू, तुम्हालाच लागलंय."

"मला लागलंय म्हणूनच मी बोलते," ही उठून उभी राहिली. "या महिन्यात आठ दिवस यांचा रेडिओ बंद होता. ते आठ दिवस मी घरात काढलेत. विजेचं काय, ती एकदा पडते आणि जाते."

सगळे हसले. सगळे हसत होते म्हणून मीही हसलो. मतदान घेतलं. पुरुषांची मतं इकडे-तिकडे झाली, पण इमारतीतल्या एकूण एक बायकांनी खांबाच्या बाजूने हात वर केले. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी तर दोन्ही. बायकांमध्ये रेडिओविद्येबद्दल एवढी आस्था असेल याची मला कल्पना नव्हती.

अटी दोन. अर्थिंग वायरमन म्हणेल तशी जोडायची. आणि आभाळ भरायच्या आधी केबल आणि प्लग काढायचे, ते चालकाने, स्वतः.

संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन हिच्यासमोर बसलो आणि बोटं चोळायला घेतली. मधलं बोट गार होतं. एवढ्या वर्षांत हा हात एवढ्या जवळून पाहिला नव्हता. बोटांच्या पेरांवर चरे आहेत, पक्कड दाबल्याचा फोड अजून आहे. बोलायचं पुष्कळ होतं. माफी कशी मागतात ते मला येत नाही, खात्यात कधी गरज पडली नाही. म्हणून काहीच बोललो नाही, नुसता चोळत राहिलो.

घड्याळात सहा वाजले. आतल्या खोलीकडे मी पाहिलं असावं.

"झाली दहा मिनिटं," मी म्हणालो. "जाऊ का?"

"बसा अजून," ती म्हणाली. "गप्प असलात की बरे वाटता तुम्ही."

बसलो.